भिंतीकडे तोंड करून उभं राहण्याची नोकरी

कुंदाताई भोयर यांचं नाव आधी लिहितो. नंतर लिहू म्हटलं तर गोष्टीच्या गडबडीत ते मागं पडेल, आणि तसं झालेलं मला चालणार नाही. आज मी नागपुरात एका सहकारी बँकेच्या मशीनरूममध्ये बसतो आणि दर रविवारी आईला फोनवर "माझं बरं चाललंय" असं खरं बोलू शकतो, ते कुंदाताईंमुळे. बँकेचं नाव लिहीत नाही. लेख लिहायची परवानगी साहेबांकडून दोनदा घेतली आहे, तरी नको वाटतं. माझा स्वभावच तसा आहे. खोलीचं कुलूप लावून जिना उतरलो की परत वर जाऊन ओढून बघतो.

मी मूळचा कोकणातला, देवगडच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या वाडीतला. शाळा खाडीपलीकडे होती. मी नववीत असताना होडीवाला मुंबईला निघून गेला. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा, घरात आई एकटी. शाळा सुटली ती सुटलीच. पुढं वायरी ओढणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर फिरत फिरत नागपूरला आलो. ठेकेदार काम संपवून गेला, मी राहिलो, कारण इतवारीतल्या एका दुकानाला माणूस हवा होता.

दुकान कसलं, तर सहीचं. व्यापारी लोकांना सरकारी कर भरताना, टेंडर भरताना कॉम्प्युटरवर सही करावी लागते. ती सही पेनानं होत नाही. पेन ड्राइव्हसारखी दिसणारी एक कांडी असते, तिला टोकन म्हणतात. सहीची चावी त्या कांडीच्या आत असते. चावी म्हणजे एक भलामोठा आकडा. गंमत अशी की तो आकडा कांडीच्या आतच जन्मतो आणि आतच राहतो. बाहेरून कागद आत जातो, सही होऊन बाहेर येतो. आकडा मात्र कुणालाच दिसत नाही, ज्याची सही आहे त्यालासुद्धा नाही. पासवर्ड ठरावीक वेळा चुकला की कांडी कायमची बंद.

हे गिऱ्हाइकांना समजावणं हेच निम्मं काम. धान्याचे एक ठोक व्यापारी होते, सगळे त्यांना सेठजी म्हणत. त्यांना कांडीची डुप्लिकेट हवी होती. "घर की चाबी की बनती है, तिजोरी की बनती है, इसकी क्यों नहीं बनती?" असं ते दर वेळी विचारायचे, आणि बनत नाही म्हटलं की मी भाव वाढवून मागतोय असं समजून हसायचे. कांडी गल्ल्यात, लक्ष्मीच्या फोटोमागं, लाल कापडात बांधून ठेवलेली. एवढी जपणूक. पण पासवर्ड मात्र आमच्या दुकानात उभं राहून, फोनवर, मुनीमजींना ओरडून सांगायचे, कारण गल्लीत टेम्पोचे हॉर्न आणि मुनीमजींना कमी ऐकू येई. तो पासवर्ड बाहेरच्या हातगाडीवाल्यांनाही पाठ झाला असणार.

मला मात्र घाम फुटायचा. उद्या काही झालं तर पहिला संशय कुणावर येईल? दुकानातल्या परक्या मुलुखातल्या पोरावर. म्हणून सेठजींनी फोन कानाला लावला की मी दोन्ही कानांत बोटं घालून उभा राहायचो.

अशाच एका दुपारी एक बाई दुकानात आल्या. सुती साडी, खांद्याला मोठी पिशवी, चष्मा कपाळावर चढवलेला. सेठजींचं ओरडणं चालू होतं आणि मी कानांत बोटं घालून उभा होतो. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. सेठजी गेल्यावर म्हणाल्या, "काहून गा, कान दुखून राहिला का?"

मी म्हटलं, नाही, ते पासवर्ड सांगत होते.

"मंग?"

"मग मला माहीत होईल ना."

त्या हसल्या. त्यांना स्वतःसाठी टोकन हवं होतं. त्यांनी पासवर्ड टाकायला हात पुढं केला, तेव्हा मी नेहमीसारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीवर एका बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर होतं, ते मी इतक्यांदा वाचलेलं की त्यातल्या सगळ्या एकादश्या मला ठाऊक. त्यांनी काम संपवलं, माझं नाव, गाव, शिक्षण विचारलं आणि गेल्या. त्याच कुंदाताई. बँकेच्या कार्ड विभागाच्या मुख्य. कळमेश्वरला घर, घरची संत्र्याची बाग, आणि नोकरीची बरीच वर्षं कॅश काउंटरवर काढलेली.

थोड्याच दिवसांत बँकेतून बोलावणं आलं. मशीनरूममध्ये देखरेखीला माणूस हवा होता. कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख दाणीसाहेब यांनी माझा कागद बघून तो सरळ बाजूला ठेवला. नववी शिकलेला माणूस या खोलीत कशाला, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून ऐकत होतो. कुंदाताईंचा आवाज काही लहान नाही.

"शिकलेले लय हायेत साहेब आपल्याकडं," त्या म्हणाल्या. "न पाहणारा एखादा त ठेवा."

असा मी लागलो.

आता ही खोली काय ते सांगतो. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालून चार आकडे दाबता. ते आकडे तिथंच गुंडाळले जातात आणि तारेवरून बँकेत येतात. ते बरोबर आहेत की चूक हे कुणीतरी तपासायला हवं. पण माणसानं बघायचे नाहीत. साध्या कॉम्प्युटरनंही नाही, कारण कॉम्प्युटरमधलं माणूस काढू शकतो. म्हणून एक लोखंडी पेटी असते. हार्मोनियम आडवा चिरल्यावर राहील एवढी चपटी, कपाटाच्या खणात रुळांवर बसवलेली. गुंडाळलेले आकडे उलगडायच्या चाव्या तिच्या पोटात असतात, म्हणून ते फक्त तिथंच उलगडतात. ती "हो" म्हणते किंवा "नाही" म्हणते, बस्स. बाकी कुणाशी बोलत नाही. आमच्याकडे अशा दोन पेट्या शेजारी शेजारी. एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून.

आणि या पेटीचा जो गुण मला पहिल्या दिवसापासून आवडला तो असा. तिचं झाकण उघडायला गेलात, तिला भोक पाडलंत, तिरकी केलीत, नुसती जागेवरून ओढलीत, तरी तिला वाटतं चोर आला. आणि तिला तसं वाटलं की ती पोटातल्या सगळ्या चाव्या स्वतः पुसून टाकते. ओरडत नाही, मदत मागत नाही. एक लाल दिवा लावून रिकामी बसते. घाबरट माणसानंच हे यंत्र बनवलं असणार, असं मला वाटायचं, आणि त्यामुळे ती मला आपली वाटायची.

पुसलेल्या चाव्या परत आणायच्या तर मुख्य चावी परत घालावी लागते. ती एका माणसाजवळ कधीच नसते. तिचे भाग पाच कार्डांवर ठेवलेले, पाच वेगवेगळ्या माणसांची पाच कार्डं, प्रत्येकाचा स्वतःचा गुप्त आकडा. त्यांतली कुठलीही तीन माणसं एकत्र आली तरच पेटी जागी होते. कार्डं सीलबंद पाकिटांत, वेगवेगळ्या लॉकरमध्ये. गुप्त आकडा मात्र कुठंही लिहायचा नाही, डोक्यात ठेवायचा. तीनदा चुकला की ते कार्ड मेलं.

पाचांपैकी एक माणूस मशीनरूममधला हवा असा नियम होता. कुंदाताईंनी माझं नाव घातलं. दाणीसाहेब पुन्हा नाही म्हणाले. या वेळी ताईंनी लिहून दिलं की या मुलाची जबाबदारी माझी. त्या लिहून देण्यानं मला रात्री झोप येईना. माझ्या हातून काही चुकलं तर ते त्यांच्या नावावर जाणार होतं.

कार्डं तयार करायचा दिवस म्हणजे लग्नघर असतं. हे म्हणणं आमच्या मनोहरभाऊंचं. मनोहरभाऊ म्हणजे बँकेचे शिपाई, मौद्याकडचे, सगळ्या बँकेची मुंज-बारशी लक्षात ठेवणारे. दारावर बसून त्यांनी आमचे मोबाइल स्टीलच्या डब्यात जमा केले आणि म्हणाले, "मामा लोक आले का सारे? नवरी अंदर बसून हाय." आत एकेकानं पुढं व्हायचं, आकडे दाबायच्या छोट्या यंत्रात आपलं कार्ड घालायचं, आकडा ठरवून दाबायचा. तेवढा वेळ बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. दाणीसाहेबसुद्धा. मोठमोठी माणसं शाळेत शिक्षा झाल्यासारखी रांगेत उभी. मला मात्र सवय होती. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की माझी भीती ही एक लायकी आहे, आणि ती कागदावर आली आहे.

माझा आकडा मी रोज सकाळी मनात म्हणायचो. कुणी ओठांची हालचाल बघू नये म्हणून दात घासताना म्हणायचो. ब्रश तोंडात असला की ओठ कसेही हलोत. अजूनही तसंच करतो. आकडा बदलला आहे, ब्रशही.

मधे काही काळ गेला. आकडे दाबायचं ते छोटं यंत्र ढिलं झालं, कंपनीनं नवीन पाठवलं. दाणीसाहेब म्हणाले जुनं भंगारात दे. मी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून मशीनरूमबाहेरच्या कपाटात वरच्या खणात ठेवलं. मला काही टाकवत नाही. त्या कपाटाला मनोहरभाऊ "समुद्रवाल्याची बोट" म्हणायचे. समुद्रवाला म्हणजे मी.

आता त्या खंडेनवमीबद्दल.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. बँकेतही होते. नोटा मोजायची मशीनं, जनरेटर, वजनकाटा, सगळ्यांना झेंडूची माळ आणि हळदकुंकू. मशीनरूमची पूजा दरवर्षी दाराबाहेरून व्हायची. ताईंनीच तशी पद्धत पाडलेली. त्या वर्षी ताई सुट्टीवर होत्या. दिवाळीनंतर त्या निवृत्त व्हायच्या होत्या, उरलेली रजा संपवत होत्या. माझी ड्यूटी दुपारची. सकाळी मनोहरभाऊंनी ताट तयार केलं आणि दाणीसाहेबांना म्हणाले, साहेब, सारी बँक जिच्या भरवशावर चालते तिलेच दरवर्षी बाहेरून नमस्कार, हे काही बरं दिसत नाही. साहेबांना ते पटलं. त्यांनी स्वतः दार उघडलं, पेट्यांचं कपाटही उघडलं, आणि तेवढ्यात फोन आला म्हणून ते बाहेर गेले.

कपाटावर माझ्या हातची चिठ्ठी होती: हात लावू नये. मनोहरभाऊ नंतर म्हणाले, वाचली होती, पण देवाच्या कामाले कोण हात लावते म्हणते? पेटीचा पुढचा भाग पातळ, तिथं कुंकू नीट लागेना. म्हणून त्यांनी ती रुळांवरून अलगद पुढं ओढली, ओल्या फडक्यानं पुसली, वर स्वस्तिक काढलं, फूल ठेवलं, परत आत सरकवली. आणि मग, एकीचीच केली तर दुसरीला वाईट वाटेल म्हणून, दुसरीचीही केली.

मी आलो तेव्हा दारातच त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. आत दोन लाल दिवे होते. खाली कार्ड विभागात फोन वाजायला लागले होते. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानातून, कोराडीच्या कॉलनीतल्या एटीएमवरून, सगळ्यांचं एकच. कार्ड चालेना. दुसऱ्या दिवशी दसरा. आमचे खातेदार म्हणजे गावोगावचे शेतकरी, छोटे दुकानदार, वीज केंद्रातले कामगार. सणाच्या आदल्या दिवशी त्यांची कार्डं प्लास्टिकचे तुकडे झाली होती.

दाणीसाहेबांचा चेहरा पांढरा पडलेला. मनोहरभाऊ भिंतीला टेकून बसले आणि रडत पुन्हा पुन्हा म्हणत होते, "म्या त हळदकुंकूच लावलं न."

पाच कार्डवाल्यांपैकी एकांची बदली मुंबईला झालेली, त्यांच्या जागी नवीन माणूस अजून ठरायचा होता. दुसरे नवरात्रासाठी राजस्थानात आपल्या गावी. उरलो तिघं. दाणीसाहेब, मी आणि कुंदाताई. बरोबर तीन, एकही जास्तीचा नाही.

ताई कळमेश्वरहून मुलाच्या मोटारसायकलवर आल्या. आल्या आल्या त्यांनी मनोहरभाऊंकडं बघितलं, मग दोन लाल दिव्यांकडं, मग त्या पेटीवरच्या स्वस्तिकाकडं. "काढलं मात्र चांगलं हाय," एवढंच म्हणाल्या. मनोहरभाऊ रडायचे थांबले.

लॉकरमधून पाकिटं आणली, सील तपासली. दार बंद. आधी दाणीसाहेब. आम्ही भिंतीकडे तोंड केलं. हिरवा दिवा लागला की यंत्र बारीक आवाज करतं, तो आला. मग मी. डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं. ब्रश तोंडात आहे असं समजून आकडा दाबला. आवाज आला. मी बाजूला झालो.

मग ताई. आम्ही भिंतीकडे. बटणांचा भराभर आवाज. ताईंचे हात कॅशचे, त्या बघून दाबत नाहीत. मग वेगळाच आवाज आला, लांब. चुकला.

"थांबा," त्या म्हणाल्या. पुन्हा भराभर बटणं. पुन्हा तो लांब आवाज.

आता एकच संधी उरली होती. ती गेली की ताईंचं कार्ड मेलं, पेट्या रिकाम्या, राजस्थानातला माणूस येईपर्यंत सगळं बंद. आणि इतक्या वर्षांच्या नोकरीच्या शेवटाला ताईंच्या नावापुढं हेच लागणार की ऐन सणाला यांना आकडा आठवला नाही.

मग दाणीसाहेब माझ्याकडं वळले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "सदू, नियम मला माहीत आहेत. पण कार्डं केली त्या दिवशी तू यांच्या शेजारीच उभा होतास. पहिला आकडा, शेवटचा, काहीही. दिसलं असेल तर आत्ता सांग. मी कुणाला बोलणार नाही."

मी म्हटलं, नाही साहेब. मला काही दिसलं नाही.

"आठवून बघ."

आठवायला काही नव्हतं. त्या दिवशी मी भिंतीवरचा चुन्याचा पोपडा बघत होतो, तोच आठवत होता. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला माझी लाज वाटली. ज्या बाईनं मला उभं केलं तिला वाचवायला एक आकडा हवा होता आणि तो माझ्याजवळ नव्हता. एकदा तरी चोरून बघितलं असतं तर, असं मनात आलं.

ताई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "त्याले कशाले विचारता साहेब? त्याले माहीत असतं, त म्या त्याले ठेवलंच कशाले असतं?"

मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मले आकडे पाठ नाहीत गा. कधीच नव्हते. बोटाले पाठ हायेत. बोट बरोबर चालून राहिलं, पण हे यंत्र नाही म्हणते."

हे यंत्र. मी वळलो. नियमानं वळायला नको होतं, पण वळलो. "ताई, हे यंत्र नवं आहे. तेव्हाचं वेगळं होतं."

दाणीसाहेबांनी यंत्राकडं बघितलं, आणि त्यांनाच आधी कळलं. जुन्या यंत्रावर एक-दोन-तीन वरच्या ओळीत होते, फोनवर असतात तसे. नव्यावर सात-आठ-नऊ वर होते, हिशोबाच्या मशीनवर असतात तसे. ताईंचं बोट जुन्या वाटेनं चाललं होतं; वाटेखालचे आकडे बदलले होते.

"आता ते जुनं कुठून आणायचं," साहेब म्हणाले. "भंगारात दिलं आपण."

मी म्हटलं, नाही दिलं. आणि बाहेर कपाटाकडं धावलो. मनोहरभाऊंनी स्टूल धरलं.

पिशवीतून यंत्र काढून ताईंपुढं ठेवलं. ते कशाला जोडलेलं नव्हतं, नुसतं निर्जीव खोकं. त्यावर त्या फक्त बोट चालवणार होत्या आणि बोट कुठं कुठं जातं ते स्वतः बघणार होत्या. आम्ही दोघं पुन्हा भिंतीकडे. पहिलं बटण दाबलं गेलं, टप्प. खोली इतकी शांत की दुसऱ्या बटणाचा आवाज पहिल्याहून वेगळा कळला. तिसऱ्याचा आणखी वेगळा. जुनं यंत्र, प्रत्येक बटण आपापल्या परीनं झिजलेलं. मला वाटलं, मला ऐकून कळेल. मी कानांत बोटं घातली.

मागून काहीतरी ऐकू आलं. बोटं काढून मागं बघितलं तर ताई हसत होत्या. डोळे पुसत हसत होत्या.

"अजून तसाच हायेस गा तू," त्या म्हणाल्या. "घाल, घाल बोटं परत."

त्या हसण्यानं त्यांचे ताठलेले खांदे सैल झाले, आवाज मोकळा झाला. मी बोटं परत घातली, डोळेही मिटले. ताईंनी किती वेळा ते बोट जुन्या यंत्रावर चालवलं मला माहीत नाही. मग खांद्यावर हात पडला. मी डोळे उघडले. नव्या यंत्रावर हिरवा दिवा होता.

पेटीतलं बाकीचं काम दाणीसाहेबांनी केलं. दुसऱ्या पेटीला पुन्हा तोच सगळा विधी, या वेळी ताईंनी एकेक आकडा बघून, शाळकरी मुलीसारखा दाबला. मग साहेब बाहेर आले आणि मनोहरभाऊंना म्हणाले, "जा, तुमचं कार्ड घेऊन खालच्या एटीएमवर जा. पहिलं तुम्हीच बघा."

मनोहरभाऊ जायला तयार होईनात. "माह्या हातानं पुन्हा काही झालं त?" म्हणाले. ताई म्हणाल्या, "जाय न भाऊ. पूजा तुमची, परसाद तुम्हीच आणा."

ते गेले. आम्ही तिघं जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे. बऱ्याच वेळानं ते वर आले ते ओंजळीत एक नोट धरून. ताईंपुढं ओंजळ धरली. खाली कार्ड विभागातले फोन हळूहळू थांबत गेले.

चौकशी झाली. ताईंनी त्यात एवढंच लिहिलं की पेटीला परका हात लागला, पेटीनं तिचं काम केलं, माणसांनी आपलं केलं. मनोहरभाऊंना समज देऊन सोडलं. साहेबांनी दार आपण उघडल्याचं स्वतःहून सांगितलं, ते त्यांच्याविषयी मी आवर्जून लिहितो. आता खंडेनवमीला माळ दाराच्या चौकटीला लागते, आणि ती लावायचा मान मनोहरभाऊंचाच. चौकटीवर इतकं कुंकू असतं की पुढच्या वर्षापर्यंत जात नाही.

या कामात एक खंत राहते. सगळं नीट चाललं की कुणाला कळत नाही की तुम्ही आहात. बिघडलं तरी कुणाला सांगता येत नाही. आई अजून विचारते, "चावी सांभाळतंस, म्हणजे वॉचमनच मां रे तू?" मी हो म्हणतो. चावी सांभाळतो ती मी कधी बघितलेली नाही, हे तिला कसं सांगू? पण मनातून मला त्याचाच अभिमान आहे. लोक कशाकशाचं ज्ञान मिळवून मोठे होतात. मी काही गोष्टी माहीत करून न घेतल्यामुळे इथवर आलो.

दिवाळीनंतर ताई निवृत्त झाल्या. जाताना त्यांचं कार्ड रद्द झालं, साहेबांच्या आणि माझ्यासमोर त्याचे तुकडे केले. ताई म्हणाल्या, "बोटाले सांगा आता कोणी, सुट्टी झाली म्हणून." निरोपाला मनोहरभाऊंनी मोठा हार आणला होता.

गेल्या संक्रांतीला कळमेश्वरला त्यांच्याकडं गेलो होतो. बागेत संत्री निवडत बसल्या होत्या. बोलता बोलता कळलं की त्यांनी समुद्र बघितलेला नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मुंबईच्या मीटिंगा झाल्या, पण स्टेशनवरून ऑफिस आणि ऑफिसातून स्टेशन. "कोराडीच्या तलावासारखाच असन न?" त्यांनी विचारलं. "थोडा मोठा?"

मी तेव्हाच ठरवलं, आणि इथं छापून येईल म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. ताई, गुडघ्यांचं ऑपरेशन झालं की तुम्हाला मी माझ्या गावी नेणार आहे. नागपूरहून लांब आहे, दोन गाड्या बदलाव्या लागतात, तिकिटं मी महिनाभर आधी काढीन आणि रोज तपासून बघीन. आई तुमच्यासाठी घावणे करील. मग तुम्हाला टेकडीवरच्या वाटेनं नेईन, जिथून शेवटच्या वळणापर्यंत काही दिसत नाही आणि मग एकदम सगळं दिसतं. तुम्ही जेव्हा जेव्हा काही मोलाचं केलंत, मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. त्या वळणावर मी समुद्राकडे पाठ करून उभा राहणार आहे, आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघणार आहे.